काळा वाडगा

आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या तसबिरी आणि नातवाने शाळेत मिळविलेली बक्षिसे यांच्या मागे, एक काळा वाडगा ठेवलेला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष सहसा त्याच्याकडे जात नाही. गेलेच तर ‘हा धूप जाळायचा का?’ असे कुणी विचारतो. एका नाताळात तर एका पाहुण्याने त्यात सिगारेटची राख झाडली. मी काही बोललो नाही. वाडगा आठशे वर्षांचा आहे असे सांगावे, तर ‘केवढ्याला घेतला?’ हा प्रश्न ठरलेला. आणि त्या प्रश्नाचे खरे उत्तर मी स्वतःच्या पत्नीलासुद्धा सात वर्षे दिले नव्हते.

मी पेशाने बोटीवरचा इंजिनिअर. आयुष्याची अठ्ठावीस वर्षे मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये, घामात आणि तेलात गेली. कलाकुसरीच्या वस्तूंशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. १९८७ सालच्या ऑक्टोबरात आमची बोट ओसाकाच्या धक्क्याला लागलेली असताना पाऊस सुरू झाला, माल उतरविणे थांबले आणि मला एक दिवसाची सुट्टी मिळाली. त्या शहराच्या मधोमध, नदीच्या पात्रात, नाकानोशिमा नावाचे एक चिंचोळे बेट आहे. त्यावर पौर्वात्य मृत्पात्रांचे संग्रहालय आहे. खोटे कशाला बोलू, पाऊस चुकवावा म्हणूनच मी आत शिरलो.

एका काचपेटीसमोर मात्र माझे पाय थांबले. आत ओंजळीत मावेल एवढा, बारा सेंटिमीटर तोंडाचा एक काळा वाडगा होता. बूड लहान, वर पसरट, काठाला सोन्याची बारीक पट्टी. त्या काळ्या अंगावर, आतून आणि बाहेरून, असंख्य लहान लहान ठिपके होते. कुठे रुपेरी, कुठे निळसर, कुठे सोनेरी. बोटीच्या तळाशी जे घाण पाणी साचते त्यावर तेलाचे थेंब पडले की असेच रंग उमटतात. ते रंग मी रोज पाहत होतो आणि खलाशांकरवी रोज पुसून घेत होतो. या वाडग्याचे जपानी नावही त्याच अर्थाचे निघाले: तेलाच्या थेंबांचा. जपान सरकारने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिलेला आहे. मी तासभर तेथेच उभा होतो. पाऊस केव्हा थांबला ते कळले नाही.

त्यानंतर मला जणू वेडच लागले. बंदर कोणतेही असो, मी पुस्तकांची दुकाने धुंडाळू लागलो. जे वाचले त्यातले थोडे सांगतो.

हे वाडगे जपानचे नव्हेत, चीनचे. सुंग राजवंशाच्या काळात, म्हणजे इ.स. ९६० ते १२७९ या तीन शतकांत, फुजियान प्रांतातील जियानयांगच्या डोंगराळ मुलखात ते घडविले जात. त्या काळी चहा आपल्यासारखा उकळून गाळत नसत. चहाच्या पानांच्या दाबून वड्या करीत, त्या दळून पूड करीत, ती वाडग्यात घालून वर कढत पाणी ओतीत आणि घुसळून फेस आणीत. फेस जितका पांढरा आणि जितका वेळ टिकेल तितका चहा सरस. त्याच्या रीतसर स्पर्धा लागत. पांढरा फेस दिसायचा तर वाडगा काळा हवा, हे उघडच आहे. त्साय श्यांग नावाच्या एका अधिकाऱ्याने १०५० च्या सुमारास चहावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने याच भागातील वाडग्यांची शिफारस केली आणि कारणही दिले, की यांची भिंत जाड असल्याने ऊब लवकर जात नाही. पुढे सम्राट हुइझोंगनेही चहावर लेखन केले आणि ज्याच्या झिलईत सशाच्या लवेसारख्या बारीक रेघा उतरल्या असतील तो वाडगा उत्तम मानला. हा सम्राट उत्कृष्ट चित्रकार होता, चहाचा मोठा जाणकार होता. राज्य मात्र त्याला राखता आले नाही. ११२७ साली उत्तरेकडच्या आक्रमकांनी त्याला कैद करून नेले आणि तो बंदिवासातच वारला.

माझ्यासारख्या यंत्रशाळेतल्या माणसाला त्यातली भट्टीची बाजू अधिक मोहवीत गेली. डोंगराच्या उतारावर, खालून वर चढत जाणारी लांबलचक भट्टी. उत्खननात सापडलेल्या अशा एका भट्टीची लांबी १३५ मीटर भरली. आमची तेव्हाची बोट तिच्याहून थोडीच लांब होती. प्रत्येक वाडगा मातीच्या स्वतंत्र डब्यात, खाली मातीची चकती देऊन ठेवायचा, डब्यावर डबा रचायचा आणि लाकडे पेटवून उष्णता १३०० अंशांच्या आसपास न्यायची. तापमापक नाही, दाब दाखविणारे घड्याळ नाही. ज्वालेच्या रंगावरून काय तो अंदाज. मातीत लोह भरपूर, झिलईतही लोह. तापलेल्या झिलईत वायूचे बुडबुडे उठतात आणि ते लोह पृष्ठभागावर आणून सोडतात. ते जागच्या जागी गोठले तर तेलाचे थेंब होतात, खाली ओघळले तर सशाची लव होते. कोणत्या डब्यात काय होईल हे कुंभारालाही सांगता येत नसे. २०१४ साली शास्त्रज्ञांनी या वाडग्यांच्या तुकड्यांचे परीक्षण केले, तेव्हा त्या ठिपक्यांमध्ये लोहाच्या ऑक्साइडचा एक असा दुर्मीळ प्रकार आढळला, की जो आजच्या प्रयोगशाळांतही शुद्ध स्वरूपात तयार करणे कठीण जाते. ज्याला या गोष्टीचे नावही ठाऊक नव्हते त्या कुंभाराने ती लाकडाच्या जाळावर केली होती!

चीनमध्ये पुढे चहाची रीत बदलली. १३९१ साली मिंग सम्राटाने वड्यांचा चहा नजराणा म्हणून घेणे बंद करून सुट्या पानांचा सुरू केला. त्याआधीच या भट्ट्या थंडावू लागल्या होत्या. आता काळ्या वाडग्याला कुणी विचारीना. जपानने मात्र ते जपले. चीनमधील त्येनमू पर्वतावरच्या मठांत शिकून परतणाऱ्या भिक्षूंनी ते नेले, असे सांगतात. त्या पर्वताच्या नावावरूनच जपानीत त्यांना तेनमोकू म्हणतात. त्यांतले सर्वांत दुर्मीळ म्हणजे ठिपक्यांभोवती निळ्या-जांभळ्या प्रकाशाची वलये असलेले. तसे तीन वाडगे जपानचे राष्ट्रीय ठेवे आहेत. त्यांपैकी एक १९३४ साली मित्सुबिशी घराण्यातील इवासाकी कोयाता यांनी घेतला. एवढी थोर वस्तू वापरण्याची आपली योग्यता नाही, असे म्हणून त्यांनी त्यातून एकदाही चहा घेतला नाही, अशी आख्यायिका आहे.

अशा वस्तूंच्या मागे मालकांची लांबलचक नामावळी असते. ओसाकाच्या त्या तेलथेंबी वाडग्याचीही आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो तोयोतोमी हिदेत्सुगूकडे होता. जपानचा तेव्हाचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी हा त्याचा मामा. १५९५ साली मामाने भाच्याला आत्महत्या करायला लावली आणि त्याच्या घरातील तीसहून अधिक बायका-मुलांचा क्योतोच्या नदीकाठी शिरच्छेद करविला. हिदेयोशी हे नाव आपल्याला परके नाही. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचे शिष्टमंडळ मनिलाहून त्याच्या दरबारी गेले, तेव्हा त्यांचे दुभाषी होते आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना जे क्रूसावर चढविले गेले, ते त्याच्याच आज्ञेने. तो वाडगा आपल्या संताच्या दृष्टीस पडला असेल, असे मी म्हणणार नाही. पण या वाडग्यासारख्या वस्तू ज्या दरबारात हिऱ्यामाणकांपेक्षा मोलाच्या होत्या, त्या दरबारात ते उभे राहिले होते.

त्या वेडाचे वर्णन आपल्या दुसऱ्या एका परिचिताने करून ठेवले आहे. येशूसंघाचे फादर व्हालिन्यानो १५७४ साली गोव्यात उतरले आणि पुढे जपानला गेले. तेथे ख्रिस्ती झालेल्या एका सरदाराने त्यांना चहाची पूड ठेवायची एक चिमुकली मातीची बरणी मोठ्या अभिमानाने दाखविली. तिच्यासाठी त्याने नऊ हजार ताएल चांदी मोजली होती. फादरांना वाटले, पिंजऱ्यातल्या पाखराला पाणी ठेवण्यापलीकडे हिचा काय उपयोग? परंतु जपानी लोकांचा प्रतिप्रश्नही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविला आहे: तुम्ही हिऱ्यामाणकांना एवढे पैसे देता, ती तरी कोणत्या कामाची? आमच्या वस्तूंचा काही उपयोग तरी होतो.

आणि हा ओसाकाचा वाडगा संग्रहालयात आला कसा? अताका एइची नावाच्या उद्योगपतीने आपल्या व्यापारी कंपनीच्या पैशातून चिनी व कोरियन मृत्पात्रांचा अप्रतिम संग्रह उभा केला होता. कॅनडातील एका तेलशुद्धीकरण प्रकल्पात कंपनीचे हात पोळले, ती कोसळली आणि १९७७ साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. संग्रह तेवढा वाचला. सुमितोमो समूहातील कंपन्यांनी तो अखंड ओसाका शहराला दिला आणि त्यासाठी १९८२ मध्ये हे संग्रहालय उघडले. हे सगळे मी वाचले, पण तेव्हा मला त्यात फक्त संग्रह दिसला. कंपनीत नोकरी करणारी माणसे आणि त्यांची बिऱ्हाडे दिसली नाहीत. ती दिसायला स्वतःचे घर गळावे लागले.

मार्च १९८९ मध्ये आमची बोट हाँगकाँगला होती. तेथे हॉलिवुड रोड नावाचा रस्ता जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. एका दुकानदाराने मागच्या खोलीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाडगा आणला आणि दिव्याखाली धरला. काळ्या झिलईत तपकिरी, रेशमासारख्या रेघा काठावरून तळाकडे ओघळल्या होत्या. सशाची लव! मी पुस्तकात शिकलो होतो ते सगळे तपासले. हाताला जड लागतो का? लागला. बुडाशी झिलई नाही आणि माती काळपट-जांभळी आहे ना? आहे. झिलई बुडाच्या वरच थांबून तिचा जाडसर थेंब झाला आहे ना? झाला आहे, एका जागी तो जरा खरडल्यासारखा वाटला, पण मी तिकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. तेवढी रक्कम माझ्याजवळ होती. ती कशासाठी होती, हेही मला पक्के ठाऊक होते.

आमचे जुने कौलारू घर त्या वर्षी शाकारून घ्यायचे होते. नुसती कौले परतून भागणार नव्हते. आढे वाळवीने खाल्ले होते, वासे बदलायचे होते. पत्नीने सुतार ठरवला होता, लाकूड सांगून ठेवले होते. एप्रिलमध्ये पैसे पाठवितो असे मी लिहिले होते. त्याऐवजी मी दुसरे पत्र लिहिले: कंपनीच्या हिशेबात घोळ झाला आहे, या खेपेचे पैसे उशिरा मिळतील, एक पावसाळा कसाबसा काढ. ते पत्र मी टपालात टाकले आणि केबिनमध्ये येऊन वाडगा पाहत बसलो. त्या रात्री मी आनंदात होतो, हे येथे लिहिलेच पाहिजे.

सप्टेंबरअखेर घरी आलो. पाऊस अजून रेंगाळत होता. दारातून आत पाऊल टाकले तो टोप, परात, घमेले, पितळी हंडा, मुलाची दुधाची वाटीसुद्धा घरभर जमिनीवर मांडलेली. प्रत्येकात टपटप वेगळ्या सुरात. माझी वृद्ध आई खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती. तिची खाट रोज रात्री सरकवावी लागत असे, कारण गळतीची जागा बदलत असे. पत्नीने माझी बॅग घेतली आणि ती भिजू नये म्हणून टेबलावर ठेवली. त्या बॅगेत, लोकरी स्वेटरात गुंडाळलेला, वाडगा होता. तो मी बाहेर काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या ट्रंकेत, माझ्या यंत्रांच्या पुस्तकांखाली दडवून टाकला. पुढच्या उन्हाळ्यात घर शाकारले. पण ट्रंक मी उघडली नाही.

१९९६ साली सिंगापूरला बोट दुरुस्तीसाठी महिनाभर थांबणार होती. निघताना काय मनात आले कुणास ठाऊक, मी वाडगा बरोबर घेतला. तेथे जुनी मृत्पात्रे सांधणारा एक वृद्ध कारागीर मला कुणी सुचविला. त्याचे पूर्वज फुजियानमधूनच आलेले. त्याने वाडगा उचलला, वजन पाहिले, नखाने वाजविला, बूड ओले करून भिंगातून बराच वेळ निरखले. मग म्हणाला, “जुना आहे. खरा आहे. पण हा कुंभाराने टाकून दिलेला आहे.” झिलईचा थेंब जास्त ओघळून खालच्या चकतीला चिकटला होता, तो कुणीतरी अलीकडे फोडून, घासून सुटा केला होता. काठ एका बाजूने किंचित बसला होता. आत पडलेला मातीचा खडा खरवडून तेथे काळे लाख भरले होते. भट्टीतून निघाल्या क्षणी कुंभाराने तो शेजारच्या खापरांच्या ढिगावर भिरकावला असणार. त्या ढिगांतून असे वाडगे खणून विकतात, हेही त्याने सांगितले. जमिनीतल्या अशा वस्तूंवर चीनमध्ये राज्याची मालकी आहे, १९८२ पासूनचा तसा कायदा आहे. तेव्हा माझी खरेदीही काही निर्मळ नव्हती. “यातून कुणी कधी चहा प्यायलेला नाही,” असे म्हणून म्हाताऱ्याने वाडगा परत दिला आणि पैसे घेतले नाहीत.

घरी आलो त्याच रात्री, मुले झोपल्यावर, मी वाडगा पत्नीपुढे ठेवला आणि सारे सांगितले. ती रागावेल, रडेल, अशी तयारी मी केली होती. तिने वाडगा हातातही घेतला नाही. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही जुगारात हरला नव्हतात?”

मला काही उमजेना. मग तिने सांगितले. आमच्याच वाडीतला एक जण त्याच कंपनीच्या दुसऱ्या बोटीवर होता. त्याचे पैसे त्या एप्रिलमध्ये वेळेवर आले होते. माझे पत्र खोटे आहे, हे तिला आठ दिवसांत कळले होते. बोटीवर पत्त्यांवर पैसे लावतात हे तिने ऐकले होते. तिने तोच अर्थ काढला, आणि माझ्या आईला कळू नये म्हणून कुणाजवळही बोलली नाही. सात वर्षे दर बुधवारी ती माहीमच्या नोव्हेनाला जात होती. मी रजेवर असलो की मलाही बरोबर नेत असे. माझा जुगार सुटावा हा तिचा हेतू होता! मी तिच्या शेजारी गुडघे टेकून इंजिनाच्या सुट्या भागांचा विचार करीत असे.

त्या रात्री आम्ही फार बोललो नाही. वाडग्याचे काय करायचे, हा प्रश्न नंतर पुष्कळदा निघाला. परत पाठवावा असे मी म्हणालो. “कोणाला?” असे तिने विचारले, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. विकावा तर भट्टीतले टाकाऊ म्हणून त्याला दिलेल्याच्या दहावा हिस्साही येणार नव्हता. २०१६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात एक तेलथेंबी वाडगा एक कोटी सतरा लाख डॉलर्सना गेल्याची बातमी मी तिला वाचून दाखविली. “तो गळक्या घरात राहिलेला नसेल,” एवढेच ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

बोट सोडून मी कायमचा घरी आलो, त्या पहिल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिने आपण होऊन वाडगा धुतला आणि त्यात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. आपला दुधाचा चहा. सुंग सम्राटाने नाक मुरडले असते. पण काळ्यावर तो दिसत होता छान. आम्ही आळीपाळीने प्यायलो. त्साय श्यांग खरे सांगतो: शेवटच्या घोटापर्यंत चहा कोमट झाला नव्हता.

जपानमध्ये अशा प्रत्येक वाडग्याला लाकडी पेटी असते आणि तो कुणाकडून कुणाकडे गेला, हे त्या पेटीवर किंवा आतल्या कागदावर लिहिलेले असते. आमच्या वाडग्याला पेटी नाही. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, “बाबा, हे काय आहे ते कुठेतरी लिहून ठेवा; उद्या आम्हाला कसे कळणार?” म्हणून मी एका कोऱ्या कागदावर लिहिले: फुजियान, सुंग काळ, भट्टीत बिघडलेला. खणून काढलेला. मार्च १९८९, हाँगकाँग, तीन महिन्यांचा पगार. त्या पावसाळ्यात घर चार ठिकाणी गळत होते.

कागदाची घडी करून वाडग्यात ठेवण्यापूर्वी मी तो पत्नीला वाचायला दिला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला, माझ्या खिशातले पेन काढून घेतले, ‘चार’ खोडले आणि वर ‘नऊ’ लिहिले.